हजेरीपटावरचं नाव

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या वाडीच्या शाळेला दोन खोल्या होत्या, चार वर्ग होते आणि गुरुजी एक. सांगोल्याकडच्या दुष्काळी भागातली ही वाडी. मी नदाफाचा, म्हणजे पिंजाऱ्याचा मुलगा. दसरा झाला की वडील पिंजणाची कमान खांद्यावर टाकून गावोगाव निघायचे. लोकांच्या गाद्या, उशा, रजया भरून द्यायच्या आणि त्यावर वर्षाची ज्वारी जमवायची. दोन महिने, कधी तीन महिने आमचं सगळं बिऱ्हाड त्यांच्या मागं असायचं. त्या दिवसांत हजेरी घेताना माझं नाव आलं की गुरुजी पुढच्या चौकोनात ‘ग’ लिहायचे. ग म्हणजे गैरहजर. महिनाभर सलग ग, ग, ग.

इतके दिवस मूल आलं नाही की त्याचं नाव कमी करायचं, अशी पद्धत होती. एकदा तपासणीला साहेब आले. हुद्द्याचं नाव कधीच बदललेलं होतं, पण आमच्याकडं त्यांना अजून ‘दिपोटी’च म्हणत. त्यांनी पट पाहिला आणि विचारलं, “हे नाव अजून का ठेवलंय?” गुरुजी म्हणाले, “साहेब, पोरगं शाळा सोडून गेलं नाही. कापूस पिंजायला गेलंय. येईल माघारी.” ही गोष्ट मला पुढं मोठ्या भावानं सांगितली, त्याला शेजारच्या आळीतल्या मुलांनी सांगितली होती. मला एवढंच आठवतं, की संक्रांतीच्या सुमारास मी शाळेच्या दारात बिचकत उभा राहिलो, तेव्हा गुरुजी वहीतून मान वर न काढता म्हणाले, “आलास का रं? बस. नाव हाय तुझं अजून.”

त्या एका वाक्यावर मी पुढं बी.ए.पर्यंत गेलो, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल. पण फार मोठी होणार नाही.

पुष्कळ वर्षांनी मला कळलं, की माझ्या त्या रांगेनं लागलेल्या ‘ग’मुळं शाळेची सरासरी हजेरी घसरायची, आणि सरासरी घसरली की दुसरा गुरुजी मिळण्याची आशा मावळायची. म्हणजे माझं नाव ठेवण्याची किंमत गुरुजी स्वतः मोजत होते, एकट्यानं चार वर्ग सांभाळून. तेव्हापासून ‘पट’ हा शब्द माझ्या डोक्यात घर करून आहे. शाळा कुठं काढायची, शिक्षक किती द्यायचे, मुलाला काय मदत करायची, हे सगळं आपल्याकडं या पटावरून ठरत आलं आहे. म्हणून आज तुमच्याशी त्या पटाच्या इतिहासाबद्दल बोलावंसं वाटतं.

‘दिपोटी’ आणि जोतीराव

सरकारनं लोकांसाठी शाळा चालवाव्यात, ही कल्पना आपल्याकडं तशी अलीकडची. पूर्वी गावात पंतोजी असायचा. ज्याला परवडेल तो शेर-दोन शेर धान्य, चार पैसे देऊन मुलाला त्याच्याकडं धाडायचा. १८५४ साली वुडचा खलिता आला आणि पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्यात सरकारी शिक्षण खातं सुरू झालं. पुढं शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागं एक आणा लोकल फंड म्हणून वसूल होऊ लागला आणि त्यातला तिसरा हिस्सा शाळांसाठी ठेवला गेला. म्हणजे शाळेचा पैसा कुणब्याच्या घामातून आला. पण शाळेत कुणब्याचं पोर किती होतं?

हाच प्रश्न महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढं विचारला. १९ ऑक्टोबर १८८२ ही त्यांच्या निवेदनाची तारीख. आपण ते निवेदन बहुधा एका मागणीपुरतं लक्षात ठेवतो : निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. पण ते सावकाश वाचलं, तर एका अनुभवी शाळाचालकानं केलेला तो तपशीलवार हिशेब आहे. शिक्षक प्रशिक्षित हवेत आणि ते शेतकरी वर्गातून यावेत, म्हणजे त्यांना मुलांचं दुःख कळेल. त्यांचा पगार बारा रुपयांपेक्षा कमी नको, मोठ्या गावात पंधरा ते वीस रुपये हवा. गरिबांच्या मुलांना छोट्या शिष्यवृत्त्या आणि सहामाही बक्षिसं द्या, म्हणजे आईबापांना मूल शाळेत ठेवावंसं वाटेल. आणि तपासणीबद्दल तर त्यांनी फारच नेमकं सांगितलं : डेप्युटी साहेब वर्षातून एकदा येऊन काही उपयोग नाही, निदान तीन महिन्यांतून एकदा तपासणी व्हावी, आणि मधेच न सांगतासवरताही शाळेला भेट द्यावी.

शाळा, शिक्षक आणि मुलाला आधार या तिन्ही गोष्टी त्यांनी एकत्र मांडल्या. कारण त्यांना ठाऊक होतं, की यातली एक दिली आणि दोन दिल्या नाहीत, तर पहिलीही वाया जाते.

त्या निवेदनात आणखी एक वाक्य आहे. ते पहिल्यांदा वाचलं, तेव्हा मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. मुसलमान या शाळांपासून दूर राहतात, त्यांना मराठीची वा इंग्रजीची गोडी वाटत नाही, अशा आशयाचं ते वाक्य आहे. जोतीरावांविषयी माझ्या मनात जो आदर आहे, तो शब्दांत सांगणं कठीण. आणि मी तर मराठीत कविता लिहितो. आमच्या घरात आई जात्यावर ओव्या म्हणायची, त्या मराठीच होत्या. मग हे वाक्य खोटं का? नाही. त्या काळच्या पुण्यात त्यांना जे दिसलं, ते त्यांनी लिहिलं. पण शाळेत न आलेल्या मुलाबद्दल ‘त्याला गोडी नाही’ असं म्हणण्याची सवय आपल्या सगळ्यांनाच आहे, हेही त्यातून दिसतं. गोडी नाही म्हणून ते येत नाही, की शाळेची वाट, वेळ, भाषा आणि खर्च यांपैकी काहीतरी आडवं येतं म्हणून येत नाही?

याची उलटी बाजूही सांगितली पाहिजे. आमच्या तालुक्यापासून थोडं पूर्वेला गेलं, की निजामाची हद्द लागायची. तिथं माध्यमिक शिक्षणाचं माध्यम उर्दू होतं. मराठवाड्यातल्या मराठी मुलाला प्राथमिक शाळा संपली, की परक्या भाषेची भिंत लागायची. त्या मुलांना शिकण्याची गोडी नव्हती, असं आज कोण म्हणेल? पुढं २००६ साली सच्चर समितीचा अहवाल आला. शिकणाऱ्या मुसलमान मुलांपैकी मदरशांत जाणारी मुलं सुमारे चार टक्केच आहेत, हे त्यातून समजल्यावर पुष्कळांना आश्चर्य वाटलं. बाकीची मुलं साध्या शाळांतच जात होती किंवा कुठंच जात नव्हती. आणि मुस्लिम वस्त्यांजवळ चांगल्या सरकारी शाळा नाहीत, ही तक्रार त्या अहवालात ठळकपणे नोंदलेली आहे. गोडीचा प्रश्न पुष्कळदा अंतराचा प्रश्न निघतो, तो असा.

आधी मुलं, की आधी शाळा?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘निकालावर अनुदान’ ही पद्धत जोरात होती. परीक्षेला किती मुलं बसली, किती पास झाली, हजेरी किती, यावर शाळेची रक्कम ठरायची. ऐकायला हे चोख वाटतं. काम तेवढा दाम. पण ज्या शाळेत आधीच शिकलेल्या घरांतली मुलं असत, तिला पैसा मिळे. जिथं पहिल्यांदा पाटी हातात धरणारी मुलं असत, तिला मिळत नसे. शिक्षकही मग होतकरू मुलांना पुढं बसवत आणि कच्च्यांना घरी राहू देत. शेवटी १९०४ च्या सुमारास लॉर्ड कर्झनच्या सरकारनं ही पद्धत सोडून दिली. तिच्यामागचा विचार मात्र गेला नाही. मुलांनी आधी आपली संख्या सिद्ध करावी, मग सरकार शाळा देईल, हा तो विचार.

नामदार गोखल्यांनी १६ मार्च १९११ रोजी मध्यवर्ती कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. गोखले स्वतः शिक्षक. सरकार दचकू नये म्हणून त्यांनी ते फार जपून बेतलं होतं. एखाद्या भागात साधारण तेहतीस टक्के मुलं आधीच शाळेत जात असतील, तरच तिथं सक्ती लागू करायची, तीही स्थानिक संस्थेनं मागितली तर आणि सरकारनं परवानगी दिली तर. महिना दहा रुपयांपेक्षा कमी मिळकत असलेल्या बापाला फी माफ. इतकं करूनही मार्च १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळलं गेलं. विरोध फक्त इंग्रज अधिकाऱ्यांनी केला असं नाही. आपल्यातले काही जमीनदार आणि प्रतिष्ठितही ‘मग शेतावर राबणार कोण?’ या चिंतेत होते.

याच काळात दोन संस्थानिकांनी वेगळी वाट धरली. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ साली तो सगळ्या संस्थानाला लागू केला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळी रुपया म्हणजे गरिबाला चिमटा बसणारी रक्कम. पण महाराज नुसता दंड लावून थांबले नाहीत. खेड्यातल्या मुलांसाठी त्यांनी कोल्हापुरात जातीजातींची वसतिगृहं आधीच उभी केली होती. मुसलमान समाज पुढं येत नाही हे पाहून १९०६ साली मोहामेडन एज्युकेशन सोसायटी आणि मुस्लिम बोर्डिंग उभं करण्यात त्यांनी स्वतः पुढाकार घेतला. आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत बसवण्याचा हुकूम काढला.

इथं एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. शाळा बंद करण्याचा हुकूम महाराजांनीही काढला. पण तो मुलाला अधिक चांगल्या शाळेत, सगळ्यांच्या बरोबरीनं बसवण्यासाठी. मुलाची नवी जागा आधी ठरली, जुनी शाळा नंतर बंद झाली. हा क्रम महत्त्वाचा आहे.

पुढं कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले इथं रयत शिक्षण संस्था काढली आणि साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातिधर्मांची मुलं एका पंगतीला बसवली. ती मुलं आपली येऊन बसली नाहीत. भाऊराव त्यांना खेड्यापाड्यांतून शोधून आणायचे. पट वाढण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. पट त्यांनी पायी हिंडून भरला.

खडू, फळा आणि तांदूळ

स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ साली मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा झाला. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडं गेल्या. त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षं ही महाराष्ट्राच्या खेड्यात शाळा पोहोचल्याची वर्षं. देवळात, चावडीत, कुणाच्या तरी पडवीत वर्ग भरायचे. आमची वाडीची शाळाही त्याच लाटेतली.

मुलाला आधार देण्याच्या योजनाही हळूहळू आल्या. यशवंतराव चव्हाणांच्या काळात, १९५९ साली कमी उत्पन्नाच्या पालकांच्या मुलांना फी माफीची सवलत मिळाली. आमच्या पिढीला ती ‘ई.बी.सी.’ म्हणून ठाऊक आहे. हायस्कूलमध्ये दर वर्षी तो फॉर्म भरायचा, तलाठ्याकडून उत्पन्नाचा दाखला आणायचा. दाखला हातात देताना आमचे तलाठी भाऊसाहेब वडिलांना म्हणायचे, “नदाफभाई, पोराला शिकवा. कापूस आता मशीन पिंजणार.” मशीन आलंच. वडिलांची कमान माळ्यावर गेली. पण तोवर माझी फी माफ होत होती आणि मी वरच्या वर्गात जात होतो. ई.बी.सी. नसती, तर मी माळ्यावरच्या त्या कमानीशेजारीच राहिलो असतो.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर ‘खडू-फळा’ मोहीम आली. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या आणि दोन शिक्षक, त्यातली शक्यतो एक बाई. किती साधी मागणी! जोतीरावांच्या निवेदनानंतर शंभर वर्षांनी आपण दोन शिक्षकांपर्यंत आलो. १९९२ साली महाराष्ट्रानं दुर्बल घटकांतल्या प्राथमिक शाळेतल्या मुलींना रोजचा एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू केला. हेतू चांगला होता. पण तीस वर्षं उलटल्यावरही तो रुपयाच होता. शाहू महाराजांचा दंडाचा रुपया ज्या काळी घरात चर्चा घडवायचा, तो काळ कधीच मागं पडला होता.

१५ ऑगस्ट १९९५ पासून शाळेत पोषण आहार आला. आपल्याकडं सुरुवातीला ऐंशी टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला तीन किलो कोरडा तांदूळ मिळायचा. पाहा, इथंही हजेरीचीच अट. जो आजारी पडला, जो आईबापांबरोबर ऊस तोडायला गेला, त्याचा तांदूळ गेला. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं शिजवलेलं अन्न द्या असा आदेश दिला आणि मग शाळाशाळांतून खिचडीचा वास येऊ लागला. जे मूल आज आलं, ते आज जेवलं. हिशेब सोपा झाला.

सन २००० च्या सुमारास वस्तीशाळा निघाल्या. जिथं रस्ता नाही, ओढा आडवा येतो, शाळा लांब आहे, अशा वस्तीवर त्याच वस्तीतला शिकलेला तरुण किंवा तरुणी मुलांना शिकवू लागली. मानधन सुरुवातीला महिना हजार रुपये. आमच्या भागात अशा वस्तीशाळा मी पाहिल्या आहेत. लिंबाखाली भरणाऱ्या. धनगराची, ऊसतोड कामगाराची मुलं तिथं अक्षर शिकली. त्या शिक्षकांना नियमित सेवेत यायला २०१४ साल उजाडलं. चौदा वर्षं त्यांनी तुटपुंज्या मानधनावर काढली. मुलाला दाराशी शाळा मिळाली, पण ती शिक्षकाच्या पोटाला चिमटा घेऊन, हे विसरता कामा नये. याच काळात ‘शिक्षण सेवक’ ही पद्धतही आली. पहिली तीन वर्षं पूर्ण शिक्षकाचं काम आणि मानधन अगदी तोकडं. ते पुष्कळ वर्षं सहा हजारांवर थांबलं होतं, २०२३ मध्ये सोळा हजार झालं. शिक्षकाला पोटापुरतं द्या, हे जोतीरावांनी रुपये-आण्यांत सांगितलं होतं. ते आपण दर पिढीत नव्यानं विसरतो.

शाईचं बोट

१ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा, तीन किलोमीटरच्या आत उच्च प्राथमिक. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे मुलं साठ असोत वा सहा, शिक्षक दोन. पहिल्यांदाच कायद्यानं ‘आधी मुलं दाखवा’ असं म्हटलं नाही. ‘मूल आहे, म्हणून शाळा द्या’ असं म्हटलं.

आणि पुढच्याच वर्षी पटानं आपलं दुसरं रूप दाखवलं. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावली. पटावरच्या लाखो नावांना मुलंच नव्हती, असं निघालं. त्या नावांवर तुकड्या मंजूर झाल्या होत्या, शिक्षकांची पदं आणि अनुदानं मिळाली होती. कुठं कुठं पडताळणीच्या दिवशी भाड्यानं मुलं आणली, अशाही बातम्या आल्या. जोतीरावांनी न सांगता भेट द्यायला सांगितलं होतं, ते का, हे सव्वाशे वर्षांनी असं उघड झालं.

तेव्हा मला माझे गुरुजी आठवले. त्यांनीही न आलेल्या मुलाचं नाव पटावर ठेवलं होतं. मग फरक काय? फरक त्या एका अक्षराचा. गुरुजींनी माझ्यापुढं ‘ह’ लिहिलं असतं, तर शाळेला दुसरा शिक्षक मिळाला असता. त्यांनी ‘ग’ लिहिलं. खरं लिहिलं आणि तरीही नाव काढलं नाही.

पण सगळा दोष लबाडांवर टाकून मोकळं होता येणार नाही. डोक्यामागं पैसा आणि डोक्यामागं शिक्षक असा हिशेब ठेवला, की डोकी वाढवण्याचा मोह होणारच. लबाडी पकडलीच पाहिजे. मात्र तिच्यावरचा उपाय म्हणून आपण मोजणी अधिकाधिक कडक करत गेलो, आणि त्या चाळणीतून गळाली ती खरी मुलं. अलीकडच्या वर्षांत संचमान्यतेसाठी, म्हणजे शिक्षकांची पदं ठरवण्यासाठी, आधार प्रमाणित झालेलीच मुलं धरायची असं ठरलं. भटक्याचं मूल, वीटभट्टीवरचं मूल, ज्याच्या कागदात नावाचं एक अक्षर चुकलं आहे असं मूल, ते वर्गात बसलेलं असतं आणि मोजणीत नसतं. एके काळी पटावर नावं होती आणि मुलं नव्हती. आता मूल आहे आणि नाव नाही.

लहान शाळांचं काय?

डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पट असलेल्या १,३१४ शाळा बंद करून तिथली मुलं जवळच्या शाळांत सामावण्याचा निर्णय जाहीर झाला. २०२३ साली समूहशाळांची कल्पना पुढं आली, तेव्हा वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळांचा आकडा समोर आला. या शाळांत मुलं होती सुमारे एक लाख पंच्याऐंशी हजार. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानं संचमान्यतेचे निकष बदलले आणि कमी पटाच्या शाळांतली, विशेषतः वीसपेक्षा कमी मुलांच्या सहावी ते आठवीच्या वर्गांतली शिक्षकांची पदं धोक्यात आली.

या बाजूचं म्हणणंही न्यायानं ऐकलं पाहिजे. सहा मुलांच्या शाळेत खेळायला गडी पुरत नाहीत. एकाच शिक्षकानं चार वर्ग शिकवणं म्हणजे काय, ते मी विद्यार्थी म्हणून भोगलं आहे. गुरुजी पहिलीला बाराखडी देत, तेव्हा आम्ही चौथीतले नुसते ढग मोजत बसायचो. मोठ्या शाळेत ग्रंथालय असेल, प्रयोगशाळा असेल, सोबती असतील. हे सगळं आमच्या वाडीच्या मुलाला मिळालं, तर मला आनंदच आहे.

पण शाहू महाराजांचा क्रम आठवा. आधी मुलाची नवी जागा, मग जुनी बंद. गाडी कोण चालवणार, पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं तर काय, गाडी बिघडली त्या दिवशी काय, याचं उत्तर आधी हवं. कारण मोठी शाळा तीन-चार किलोमीटरवर गेली, की त्या घरात पहिल्यांदा कुणाची शाळा सुटते? धाकट्या भावाला सांभाळणाऱ्या मुलीची. तिला गोडी नाही, असं मग आपण म्हणतो. आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आणि साखरशाळा चालवून आपण हे सिद्धही केलं आहे, की मूल जिथं जाईल तिथं त्याच्या मागं जाता येतं. बीडसारख्या जिल्ह्यात आजीआजोबांपाशी राहून, वसतिगृहात जेवून कितीतरी मुलांची शाळा टिकली. जिथं ही सोय वेळेवर होत नाही, तिथं दिवाळीनंतर वर्ग ओस पडतात आणि मार्चमध्ये पट कमी म्हणून शाळेकडं बोट दाखवलं जातं.

मागच्या वर्षी मी वाडीवर गेलो होतो. त्याच दोन खोल्या, आता वर पत्र्याऐवजी स्लॅब. भिंतीवर रंगीत बाराखडी. पटावर सात मुलं. शिकवणाऱ्या बाई रोज दुचाकीवरून लांबून येतात. मी त्यांना सहज विचारलं, “सात मुलांसाठी एवढं अंतर?” त्या म्हणाल्या, “सर, आठ आहेत. एक सध्या कारखान्यावर गेलाय आईवडिलांबरोबर. नाव ठेवलंय त्याचं.”

मी हजेरीपट मागून पाहिला. आठव्या नावापुढं ओळीनं ‘ग’ होते.